सुभेदारांचा डायलॉग

नागपंचमीच्या आदल्या दिवशी सकाळी सुलाबाई न्हाणीघराच्या दाराशी आल्या आणि तिथेच थबकल्या. जोतीराम सुभेदार गालांना साबण फासून आरशापुढे उभे होते. हातातला वस्तरा हातातच होता. आरशातल्या स्वतःकडे रोखून बघत ते म्हणत होते, "कवा जाणार, हे ह्या घरात..." इथे ते थांबले, मनातल्या मनात एक-दोन मोजले आणि आवाज खाली आणून वाक्य पुरं केलं, "...कुणी इचारायचं न्हाई."

ते थांबणं सिनेमातलं होतं. सिनेमातल्या नटाने तिथे दोन सेकंद श्वास धरला होता आणि त्या दोन सेकंदांत थिएटरात शिट्ट्या पडल्या होत्या. म्हणजे ज्यांचं वाक्य म्हणून ते महाराष्ट्रभर गाजलं, ते सुभेदार आता सिनेमा बघून स्वतःचं वाक्य पाठ करत होते. सुलाबाईंना एरवी हसू आलं असतं. आज आलं नाही.

गेल्या सात महिन्यांत त्या वाक्याने नुसता धुमाकूळ घातला होता. वीरधवलने, त्यांच्या धाकट्या मुलाने, सिनेमा लिहिला. सिनेमा बरा होता, पण चालला तो त्या एका भाषणावर. वडील वारल्यावर भावकी बहिणीची हक्कसोडीची सही घ्यायला बसलेली असते, तेव्हा मोठा भाऊ उठतो आणि म्हणतो, "जमीन बापाची हुती, ती कागदावर आली. पण ह्या घराचा उंबरा कुठल्या कागदावर येत न्हाई. माझी भन दारात आली की तिला कवा आलीस इचारा. कवा जाणार, हे ह्या घरात कुणी इचारायचं न्हाई." एवढंच. पण रिक्षांच्या पाठीवर ते आलं, लग्नपत्रिकांत आलं, शाळेच्या गॅदरिंगला पोरं मिशा चिकटवून ते म्हणू लागली. मुलाखत घेणाऱ्या प्रत्येकाने वीरधवलला विचारलं की हे सुचलं कसं, आणि त्याने प्रत्येकाला अभिमानाने सांगितलं की मला सुचलं नाही, हे माझ्या वडिलांचे शब्द आहेत.

मग गाव कशाला मागे राहतंय. सरपंच शंभूराजने या वर्षी पंचमीच्या आदल्या दिवशी माहेरवाशीण मेळावा ठरवला. गावाच्या सगळ्या लेकी बोलवायच्या, प्रत्येकीची साडी देऊन ओटी भरायची आणि सुभेदारांच्या तोंडून ते भाषण ऐकायचं. शाळेच्या पटांगणावर मांडव पडला. वेशीत बॅनर लागला, त्यावर सुभेदारांचा पदकं लावलेला फोटो आणि खाली ते वाक्य. आणि शंभूराजने, गड्याने चांगल्याच मनाने, पहिली पत्रिका पाठवली ती सुभेदारांच्या सख्ख्या बहिणीला, औंधकडच्या चंद्राबाईंना.

"प्रियाचा फोन आलता," सुलाबाई म्हणाल्या. "ती गाडी घिऊन गेलीया. वन्सं येत्यात."

सुभेदारांनी वस्तरा गालावर ठेवला.

"आवं, त्या समोर असताना म्हणणार हायसा?"

"पत्रिका वाटून झाल्यात. आता काय ताप आला म्हणून सांगू?"

"खरं काय ते सांगा की मग."

"कुणाला सांगू?" त्यांनी साबण धुतला, टॉवेलने तोंड पुसलं. "लोकास्नी खरं नको असतंय सुले. त्यास्नी डायलॉग पायजे."

खरं काय ते घरात तिघांनाच ठाऊक होतं. एकोणीस वर्षांपूर्वी, सासरे गेल्यानंतर महिन्याभराने, चंद्राबाईंनी तालुक्याला जाऊन हक्कसोडीवर सही केली. सगळ्यांच्या बहिणी करतात तशी केली, एक शब्द न बोलता. घरी आल्यावर मागच्या स्वयंपाकघरात, चुलीपुढे बसून, तिने भावाला म्हटलं होतं, "रान घे दादा. मला उसाचं कांडं नगं. येक तेवढं कर. मी दारात आले की कवा आलीस म्हणून इचार. कवा जाणार, तेवढं इचारू नगंस." तिथे भावकी नव्हती, मोठा आवाज नव्हता. सुलाबाई भाकरी थापत होत्या आणि दहावीतली लेक प्रियदर्शनी ताट घेऊन बसली होती. बहिणीची विनवणी होती ती. सिनेमात ती भावाचा हुकूम झाली.

आणि पुढच्याच पंचमीला, चंद्राबाई माहेरी येऊन दोन दिवस झाले असतील, सुभेदारांनी अंगणात तिला विचारलं, "चंद्रा, कवा जाणार हायस?" तिने पिशवी भरली आणि दुपारच्या गाडीने निघून गेली. त्यानंतर ती आली नाही. लग्नाकार्याला तिची माणसं येत, ती येत नसे. रजेवर आलेल्या माणसाने जीप सांगायची होती म्हणून विचारलं, असं सुभेदार म्हणत. सुलाबाईंनी ते कधी खोडून काढलं नव्हतं आणि कधी मानलंही नव्हतं.

शब्द त्यांचे कसे झाले, हेही त्यांनी बघितलं होतं. सुभेदारांनी चोरायचं म्हणून चोरलं नाही. पलटणीत एका बर्फातल्या चौकीवर पोरं घरच्या गोष्टी काढून बसली होती, तेव्हा त्यांनी सांगितलं की आमच्या घरात बहीण आली की असं असं असतं. पोरांचे डोळे भरून आले. मग पुढच्या चौकीवरही सांगितलं. निवृत्त झाल्यावर सोयऱ्याधायऱ्यांत सांगितलं, साताऱ्याच्या वसतिगृहातून सुट्टीला येणाऱ्या वीरधवलला दर दिवाळीला सांगितलं. सांगता सांगता 'ती म्हणाली' गळून गेलं. वर्षानुवर्षं माणूस एक गोष्ट सांगत राहिला की ती त्याचीच होते, आणि ऐकणाऱ्याला तर दुसरं काही ठाऊकच नसतं.

*

पेठ नाक्यावर प्रियदर्शनीने गाडी थांबवली आणि वडापाव घेऊ का म्हणून विचारलं. चंद्राबाईंनी मान हलवली.

"उपास हाय. आज भावाचा उपास न्हाई का."

प्रियदर्शनी त्यांच्याकडे बघतच राहिली. पंचमीच्या आदल्या दिवशी बहिणी भावासाठी उपास धरतात हे तिला काय सांगायला हवं होतं? पण इतकं होऊनही आत्या तो धरत असेल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

"अजून धरतेस?"

"भाऊ काय मेलाय व्हय माझा?" चंद्राबाई म्हणाल्या आणि काचेबाहेर बघू लागल्या.

औंध सोडल्यापासून त्या फारसं बोलल्या नव्हत्या. मांडीवर पिशवी होती, कापडी, दोन लुगडी मावतील एवढी. ती मागच्या सीटवर ठेव म्हणून प्रियदर्शनीने दोनदा सांगितलं, त्यांनी ठेवली नाही. माहेरच्या वाटेवरचं सगळं बदललं होतं आणि त्यांना ते मुद्दाम बघायचं नव्हतं. बघितलं असतं तर मन पातळ झालं असतं, आणि आज ते होऊन चालणार नव्हतं.

सिनेमा त्यांनी सुनेच्या मोबाइलवर बघितला होता. सुनेला कौतुक, मामेसासऱ्यांचा सिनेमा म्हणून. तो भाऊ उठून उभा राहिला, बोलू लागला आणि 'कवा आलीस' म्हणताच चंद्राबाईंना कळलं. सून वळून बघते तर सासूबाई पदराने डोळे पुसत होत्या. सुनेला वाटलं, भावाच्या आठवणीने.

"मला शब्दांचं काय वाटलं न्हाई," त्या आता एकदम म्हणाल्या, जणू मघापासून हेच बोलणं चाललं होतं. "शब्द काय, कुणाचं बी असत्यात. पर त्या सिनेमातला भाऊ बघून मला रडू आलं बघ. लय चांगला भाऊ. आन मग ध्येनात आलं, आसला मला न्हाईच."

प्रियदर्शनीचे हात चाकावर घट्ट झाले. ती म्हणाली, मी तिथं सगळ्यांसमोर उठून सांगते. साताऱ्यात शाळेत पोरांना शिकवणारी बाई होती ती, बोलायला कोणाला भीत नव्हती. पण चंद्राबाईंनी तिच्या दंडावर हात ठेवला.

"तू गप बसायचं. मी सांगायला येत न्हाई, बघायला येतीया. त्यानं माझ्याकडं बघून ते म्हणावं. म्हणाला, तर मला माहेर नव्हतंच आसं धरून मी माघारी जाईन आन परत हिकडं तोंड करणार न्हाई. मग उपास बी न्हाई."

गावात आल्यावर प्रियदर्शनी गाडी घराकडे वळवू लागली. चंद्राबाई म्हणाल्या, घरी नको, मांडवात सोड. अकरा वाजत होते. मांडवात अजून खुर्च्याही लागल्या नव्हत्या. सतरंजीच्या एका कडेला त्या पिशवी खांद्याला लावून बसल्या आणि गावाच्या लेकी एकेक करून येऊ लागल्या.

*

वीरधवलला बहिणीने ध्वनिक्षेपकाच्या खोक्यांमागे ओढलं तेव्हा तो वैतागलेला होता. निर्मात्याने कॅमेरावाला पाठवला होता, त्याला दुपारचा उजेड सरकण्याआधी वडिलांचं भाषण हवं होतं. निवेदन करणारा ऋषिराज लोकांना तीनदा शांत बसायला सांगून दमला होता. आणि ही म्हणते, दोन मिनिटं ऐक.

दोन मिनिटांत त्याचं तोंड उतरलं. आधी तो म्हणाला, शक्यच नाही. मग म्हणाला, तुला नीट आठवत नसेल. मग म्हणाला, आबांनी मला शंभरदा सांगितलंय.

"तू नव्हतास तिथं, मी होते," प्रियदर्शनी म्हणाली. "माझ्या ताटात कालवण वाढलेलं होतं आणि ते मला खाववेना. मला सगळं आठवतंय."

"मग सात महिने गप्प का बसलीस?"

हा प्रश्न बरोबर होता आणि तिला तो लागला. ती म्हणाली, आईने शपथ घातली होती. म्हणाली, तुझं चांगलं होत होतं. मग तिचा आवाज बदलला. "दिवाळीत माझी सही घेतलीत. मी दिली, मला रान नको होतं. पण तेव्हा मला कळलं, आत्या चुलीपुढं का बसून राहिली होती. रान तुझ्या नावावर आलं, धवल. तिचं वाक्य तरी तिच्या नावावर ठेव."

तो शाळेच्या खोलीत गेला. सुभेदार तिथे कोटाची बटणं लावत होते, छातीवर पदकांची पट्टी. त्याने दार लोटलं आणि सरळ विचारलं. सुभेदारांनी शेवटचं बटण लावलं.

"कार्यक्रम हून जाऊ दे," ते म्हणाले.

एवढ्यावर वीरधवलला समजलं. राग आला, तोही कुणावर काढावा कळेना. या माणसावर, की या माणसाच्या जोरावर महाराष्ट्रभर मान मिरवणाऱ्या स्वतःवर? पण भीती रागापेक्षा मोठी होती. उद्या कुणी म्हटलं, बहिणीचे शब्द भावाच्या तोंडी घातले आणि वर बापाचं कौतुक करून घेतलं, तर पुढच्या सिनेमाचं काय? तो तसाच शंभूराजकडे धावला. म्हणाला, आबांचा घसा बसलाय, भाषण राहू दे, आपण सिनेमातला तुकडाच पडद्यावर लावू. शंभूराजने त्याला मांडव दाखवला. पाचशे बायका बसल्या होत्या, कुठून कुठून आलेल्या, मुंबईच्यासुद्धा.

"गड्या, पडदा त्यांनी मोबाइलवर रोज बघितलाय. ह्या जित्या माणसासाठी आल्यात. आता मागं सरायचं न्हाई."

सुटका नव्हती. परत येताना वीरधवलची नजर आत्याकडे गेली. टाळायचं म्हटलं तरी पाय तिकडेच वळले. त्याने वाकून नमस्कार केला. चंद्राबाईंनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. बारा वर्षांचा होता तेव्हा शेवटचा बघितलेला भाचा, आता दाढी राखून होता.

"कवा आलास पुण्यासनं?" त्यांनी विचारलं.

सहज विचारलं होतं, कुणीही विचारतं तसं. पण शंभर पानं लिहून जे वाक्य त्याला नीट ऐकू आलं नव्हतं, ते आता ऐकू आलं.  तो तसाच उठला आणि मांडवाच्या खांबाला टेकून उभा राहिला.

*

सुभेदार माइकपुढे आले तेव्हा मांडवात एकच गलका झाला. ऋषिराजने त्यांच्या नोकरीची सगळी ठाणी वाचली, पदकं वाचली आणि शेवटी म्हणाला की आज ज्या भगिनीसाठी हे शब्द निघाले त्या चंद्राआत्यासुद्धा आपल्यात आहेत. बायका माना वळवून शोधू लागल्या. सुभेदारांना शोधावं लागलं नाही. खोलीच्या खिडकीतून त्यांनी तिला कधीच बघून ठेवलं होतं. तिसऱ्या रांगेत, कडेला, खांद्याला पिशवी. मांडवात बसलेल्या प्रत्येक बाईने आपलं सामान कुठल्या ना कुठल्या घरात ठेवलं होतं. हिच्या एकटीच्या खांद्यावर पिशवी होती.

त्यांना वाटलं होतं, नजर वर करायची नाही. फौजेत शिकलेली युक्ती होती, समोरच्यांच्या डोक्यांवरून मागच्या झाडाकडे बघायचं. "जमीन बापाची हुती," त्यांनी सुरुवात केली आणि पाचशे बायकांनी पुढचं उचललं, "ती कागदावर आली." सगळा मांडव एका सुरात म्हणत होता. त्यांना काही करायचंच नव्हतं. उंबरा आला, कागद आला, माझी भन दारात आली. कॅमेरावाला गुडघ्यावर बसून पुढे सरकला. "कवा आलीस इचारा," बायका म्हणाल्या आणि गप्प झाल्या. पुढचं वाक्य त्यांचं होतं. दोन सेकंदांची जागा त्यांची होती.

"कवा जाणार, हे ह्या घरात..."

एक. दोन. झाडाकडे बघता बघता नजर खाली आली. चंद्रा त्यांच्याकडेच बघत होती. रागाने नव्हे. लहानपणी विहिरीत सूर मारायला ते काठावर उभे राहिले की ती अशीच बघायची, मारतो की नाही म्हणून. तीन. चार. मांडवात कुणीतरी खोकलं. पाच.

"हे माझं न्हाई," सुभेदार म्हणाले.

पुढच्या रांगेतल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

"हे मी म्हटलेलं न्हाई. हे चंद्रानं मला म्हटलं हुतं. मागितलं हुतं. मी सही घेतली, आन एका वर्साच्या आत तेच तिला इचारलं. कवा जाणार म्हणून. ह्या तोंडानं इचारलं. भाऊ म्हणायच्या लायकीचा न्हाई मी."

त्यांचा आवाज फाटला. असा तो सरावात कधी फाटला नव्हता. क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. मग मागून एक शिट्टी आली, दुसरी आली आणि सगळा मांडव टाळ्यांनी दणाणून गेला. बायका डोळ्यांना पदर लावून टाळ्या वाजवत होत्या. शेजारणीला सांगत होत्या, कसा काळजातनं बोलला बघ. ऋषिराजने दुसरा माइक ओढला आणि भरल्या गळ्याने जाहीर केलं की मंडळी, पुढच्या भागाचा डायलॉग आज आपल्या गावात पहिल्यांदा ऐकायला मिळाला.

सुभेदार हात वर करून थांबा थांबा म्हणत होते. टाळ्या वाढल्या. त्यांनी "खरं हाय हे" म्हटलं, त्यालाही टाळ्या पडल्या. कॅमेरावाला स्टेजच्या कडेला आला आणि अदबीने म्हणाला, "सुभेदारसाहेब, ते लायकीचं एकदा परत घेऊ या, मी जवळून घेतो." सुभेदारांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो एक पाऊल मागे सरकला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी या बाबतीत खरं सांगितलं होतं, आणि ऐकायला कुणी नव्हतं.

वीरधवल खांबापाशी उभा होता. त्याला वाटलं, जावं आणि माइक घेऊन ओरडावं. पण तोही माइकवरच ओरडला असता. तो कॅमेरावाल्यापाशी गेला आणि त्याचा कॅमेरा खाली धरून म्हणाला, बंद कर, हे कुठे जाणार नाही. निर्मात्याला काय सांगू, म्हणून त्याने विचारलं. वीरधवल म्हणाला, माझं नाव सांग.

चंद्राबाई उठल्या. पुढच्या बायकांनी वाट करून दिली, टाळ्यांना आणखी चेव आला. सिनेमाच्या शेवटी बहीण भावाच्या गळ्यात पडते, तेच आता होणार म्हणून मोबाइल वर झाले. चंद्राबाई पायऱ्या चढून वर आल्या. त्या गळ्यात पडल्या नाहीत. त्यांनी माइकवर तळहात ठेवला आणि तो दाबून धरला.

"हितं न्हाई दादा," त्या म्हणाल्या. हे फक्त सुभेदारांनाच ऐकू गेलं. "हितं टाळ्या पडत्यात. घरात म्हण. जिथं मी म्हटलं हुतं, तिथं."

*

मागचं स्वयंपाकघर आता कुणी वापरत नव्हतं. पुढे स्लॅबचं घर झाल्यापासून तिथे आंघोळीचं पाणी तापायचं आणि सांडगे-पापड वाळायचे. सुलाबाई मांडवातून धावतपळत येऊन दाराची कडी काढेपर्यंत सगळे मागोमाग आलेच. शंभूराज अंगणापर्यंत आला होता. साड्या वाटायच्या राहिल्यात, आत्यांच्या हस्ते वाटू, म्हणत होता. प्रियदर्शनीने त्याला जाऊन सांगितलं की काका, साड्या तुम्हीच वाटा, आणि दार लावून घेतलं.

चंद्राबाई चुलीपुढे बसल्या, बरोबर तिथेच. पिशवी अजून खांद्यालाच. सुभेदार समोर उभे राहिले. पदकांची पट्टी छातीवर होती, ती त्यांनी काढली आणि कुठे ठेवावी ते न कळून खिशात टाकली. मग ते खाली बसले. साठी उलटलेल्या माणसाला मांडी घालायला वेळ लागला.

"मघाशी म्हटलं तेच हाय," ते म्हणाले. "तुझं शब्द मी माझं म्हणून सांगितलं. चुकलं माझं."

"त्ये मी ऐकलं. त्याला टाळ्या बी पडल्या." चंद्राबाई म्हणाल्या. "मला दुसरं पायजे. का इचारलंस?"

"जीप सांगायची..."

"दादा."

 सुलाबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. वीरधवल दारात होता. त्याला सवयीने वाटून गेलं की इथे थांबणं किती लांबतंय, आणि त्याची त्यालाच लाज वाटली. बाहेर मांडवात गाणी लागली होती.

"जीप न्हाई," सुभेदार म्हणाले. ते चुलीतल्या राखेकडे बघत बोलत होते, अडखळत, एकेक शब्द शोधत. "तू आलीस त्या टायमाला. दोन दीस हुतीस. सकाळी रानात गेलीस, भाजी खुडून आणलीस. तू बांधावर उभी हुतीस आन मला... मला ते रान तुझं दिसाय लागलं. निम्मं तुझं. ताटात वाढलं तरी वाटायचं, हिचं खातूय. तू काय बोलत नव्हतीस. बोलली आसतीस तर भांडलो आसतो. तू डोळ्यापुढं आलीस की मला ती सही दिसायची. म्हणून इचारलं. तू जावीस म्हणूनच इचारलं."

मग म्हणाले, "आन तू गेलीस तवा बरं वाटलं मला. हे कुणाला सांगितलं न्हाई. पलटणीत सांगायचो तवा वाटायचं, आपुन आसं वागलोच हाय. सांगितलं की झोप यायची."

एवढं बोलून ते थांबले. हे सिनेमात घालता आलं नसतं. ऐकून कुणाचा ऊर भरून आला नाही. प्रियदर्शनीने वडिलांकडे बघायचं टाळलं. दिवाळीला तिची सही झाल्यापासून आबा फोनवर तिच्याशी तुटक का बोलतात, हे कोडं तिला आत्ता उलगडलं होतं आणि तिला मोठ्याने रडायचं होतं. सुभेदारांनीही मान वर केली नाही. पण थोड्या वेळाने, तशीच खाली मान ठेवून, त्यांनी हात लांब केला आणि लेकीच्या पायाच्या बोटांना नुसता लावला. प्रियदर्शनीने पाय मागे घेतला नाही.

"संपलं?" चंद्राबाईंनी विचारलं.

"व्हय."

चंद्राबाईंनी भावाकडे बघितलं. मग त्यांनी श्वास सोडला. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. एकोणीस वर्षं त्यांना हेच कळत नव्हतं की आपलं काय चुकलं, भाजी खुडली ते चुकलं की जास्त दिवस राहिलो ते. आपलं काही चुकलं नव्हतं. तेवढं आज कळलं.

सुलाबाई पुढे झाल्या. त्या दिवशी याच घरात भाकरी थापत त्या ऐकून घेत राहिल्या होत्या, आणि अंगणात नवऱ्याने विचारलं तेव्हाही धुण्याचा पिळा तसाच हातात धरून गप्प राहिल्या होत्या. आज त्यांनी तांब्या भरला आणि नणंदेपुढे ठेवला. 

"वन्सं," त्या म्हणाल्या, "कवा आलासा?"

गावात येऊन चंद्राबाईंना पाच तास झाले होते. त्यांनी खांद्यावरची पिशवी काढली, चुलीच्या शेजारी ठेवली आणि तांब्या उचलला.

"आत्ता," त्या म्हणाल्या. "भगर हाय का घरात? उपास उद्या सुटंल."